पंचांचे बोट आणि यंत्राचा डोळा



भारतातून येताना आपण कपड्यांची बोचकी आणली, मसाल्यांचे डबे आणले आणि क्रिकेटचे वेडही आणले. कपडे विरले, मसाले संपले, वेड मात्र अजून तसेच आहे. अश्दोद, लोद, बेर-शेवा, दिमोना, कुठेही जा. भारताचा सामना असला की आपल्या घरांतून टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या जातातच.

परंतु अलीकडे या खुर्च्यांवरून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पंचांनी बोट वर केले, म्हणजे फलंदाज बाद. लहानपणापासून आपण एवढेच जाणतो. आता मात्र फलंदाज परत जाण्याऐवजी दोन्ही हातांनी इंग्रजी 'टी' अक्षराची खूण करतो, खेळ थांबतो, पडद्यावर रंगीत रेघा येतात, लाल-हिरवी अक्षरे उमटतात आणि कधी कधी पंच आपलाच निर्णय फिरवतात. "हे काय चालले आहे? पंचांना मान उरला की नाही?" असे आपली वडीलधारी मंडळी विचारतात. नातवंडांना विचारावे तर ती दोन शब्दांत सांगून मोकळी होतात.

म्हणून हा विषय सावकाश समजावून सांगावा असे आम्हांस वाटले. यंत्राने पंचांच्या चुका कमी केल्या आहेत, पंचांची गरज कमी केलेली नाही, हे आमचे मत आधीच सांगून टाकतो. आता ते कसे, ते पाहू.

पूर्वी काय होते

आपल्या तरुणपणी बहुतेक सामने आपण डोळ्यांनी नव्हे, कानांनी पाहिले. रेडिओवर बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन लागले की चाळीतल्या चार घरांचे काम थांबे. फलंदाज पायचीत झाला असे त्यांनी सांगितले की तो पायचीत. चेंडू यष्टींवर जात होता की नव्हता, हे पुन्हा पाहण्याची सोयच नव्हती. वाद होत, पण ते दुसऱ्या दिवशी, वर्तमानपत्र हाती घेऊन.

त्या काळच्या पंचांचे काम किती अवघड होते ते लक्षात घ्या. बावीस यार्डांवरून येणारा चेंडू वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर फलंदाजापर्यंत पोहोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात पंचांनी गोलंदाजाचा पाय रेषेमागे आहे का ते पाहायचे, मग मान वर करून चेंडू कुठे टप्पा पडला, बॅटला लागला की पॅडला, आणि पॅड मध्ये नसते तर यष्टींवर गेला असता का, हे ठरवायचे. एकदाच पाहायचे, एकदाच ऐकायचे आणि लगेच कौल द्यायचा.

हे काम आपल्यातल्या एका माणसाने फार चांगले केले, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. बेने इस्राएल समाजाचे ज्युडा रूबेन यांनी 1969 ते 1977 या काळात दहा कसोटी सामन्यांत पंच म्हणून काम केले. 1977 च्या जानेवारीतील मद्रासच्या कसोटीत इंग्लंडचा गोलंदाज जॉन लिव्हर कपाळाला व्हॅसलीन लावलेली जाळीदार पट्टी बांधून खेळत होता. चेंडूला असे काही लावले तर त्याची चकाकी टिकते आणि तो हवेत अधिक वळतो. ही गोष्ट रूबेन यांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांनी ती वर कळवली आणि जगभर गाजावाजा झाला. घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून पट्टी होती, असे इंग्लंडच्या संघाने सांगितले, आणि मुद्दाम लबाडी केल्याचे सिद्ध झाले नाही. पण पंचांनी पाहिले, आणि पाहुण्या संघाची भीड न धरता कळवले, हे महत्त्वाचे. तिथे ना मोठा पडदा होता, ना पुन्हा दाखवण्याची सोय.

तक्रार कशी वाढली

तरीही पंच माणूसच. माणूस चुकतो. त्यात त्या वेळी दोन्ही पंच यजमान देशाचे असत, म्हणून पाहुण्यांच्या मनात कायम संशय. आपले लोक परदेशी पंचांना नावे ठेवीत, परदेशी लोक आपल्या पंचांना.

1981 च्या फेब्रुवारीतील मेलबर्नची कसोटी आठवा. सुनील गावस्कर 70 धावांवर असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर पंचांनी त्यांना पायचीत दिले. चेंडू आधी बॅटला लागून मग पॅडवर आला, असे गावस्करांचे म्हणणे होते. ते इतके संतापले की समोरच्या चेतन चौहानांनाही बरोबर घेऊन मैदानाबाहेर निघाले. संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी सीमारेषेपाशी येऊन उभे राहिले, त्यांनी चौहानांना परत पाठवले, म्हणून सामना वाचला. तो सामना पुढे भारताने 59 धावांनी जिंकला. चौहान आत आले असते तर तो विजय कुठला? झाल्या प्रकाराबद्दल गावस्करांनी पुढे खेदही व्यक्त केला. आज हा प्रश्न दोन-तीन मिनिटांत सुटला असता, हे आपल्या पुढे लक्षात येईलच.

तक्रारींवर पहिला उपाय यंत्राचा नव्हता, माणसांचाच होता. 1986 साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या कसोटीत तिसऱ्या देशाचे पंच बोलावले गेले. ते दोघेही भारतीय होते: व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. भारताचे पंच पाकिस्तानात उभे राहिले आणि त्यांचा कौल दोन्ही संघांनी मानला! त्यानंतर तटस्थ पंचांची प्रथा हळूहळू रुळली.

यंत्र आले ते 1992 च्या नोव्हेंबरमध्ये, डर्बनला, भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या कसोटीत. पॅव्हिलियनमध्ये टीव्हीसमोर तिसरे पंच बसवले होते. धावचीत झाला की नाही याची शंका आल्यावर मैदानावरच्या पंचांनी हवेत चौकोन काढला, चित्र पुन्हा पाहिले गेले आणि फलंदाज बाद ठरला. टीव्ही पाहून बाद दिलेला तो जगातला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर.

आता पडद्यावर काय दिसते

पूर्वी पंचांना शंका आली तरच तिसऱ्या पंचांकडे विचारणा होई. नव्या पद्धतीत खेळाडूलाही दाद मागता येते. 2008 साली श्रीलंकेत भारताच्याच दौऱ्यात तिचा प्रयोग झाला आणि 2009 पासून ती रीतसर सुरू झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'डीआरएस' म्हणतात. आपण 'फेरविचार' म्हणू.

फेरविचार मागायला पंधरा सेकंद मिळतात. कितीही वेळा मागता येत नाही. कसोटीत प्रत्येक डावात तीन मागण्या फसल्या की हक्क संपला, एकदिवसीय सामन्यात दोन. म्हणून कर्णधार यष्टिरक्षकाच्या आणि गोलंदाजाच्या तोंडाकडे बघत विचार करताना दिसतो. उगाच हट्ट केला तर खरी गरज लागेल तेव्हा हात रिकामे राहतात.

पायचीतचा फेरविचार असला तर तिसरे पंच क्रमाने तीन गोष्टी तपासतात.

पहिली, गोलंदाजाचा पाय. तो रेषेच्या पुढे असला तर नो-बॉल आणि प्रश्नच संपला.

दुसरी, बॅटला चेंडू लागला का. पडद्याच्या खाली एक आडवी रेघ धावते, डॉक्टरांच्या हृदयाच्या आलेखासारखी. यष्टींजवळ बारीक मायक्रोफोन असतो, त्याने टिपलेला आवाज म्हणजे ती रेघ. चेंडू बॅटजवळून जातो त्याच क्षणी रेघ उसळली, तर बॅटची कड लागली असे समजतात. पण बॅट पॅडला किंवा जमिनीला घासली तरीही रेघ उसळते. त्यामुळे आवाज यंत्र देते आणि त्याचा अर्थ तिसरे पंच लावतात. गावस्करांचा मेलबर्नचा प्रश्न इथेच सुटला असता.

तिसरी, चेंडूचा मार्ग. याच वेळी ती रंगीत वाट दिसते. पॉल हॉकिन्स या इंग्रज अभियंत्याने हे तंत्र तयार केले. त्याचे नाव 'हॉक-आय', म्हणजे ससाण्याचा डोळा. 2001 साली लॉर्ड्सच्या कसोटीच्या प्रक्षेपणात ते प्रथम वापरले गेले. मैदानाभोवती उंचावर साधारण सहा कॅमेरे असतात. प्रत्येक कॅमेरा चेंडू वेगळ्या बाजूने पाहतो. दोन डोळ्यांनी पाहिल्यामुळे आपल्याला वस्तूचे अंतर कळते, तसे या सगळ्या चित्रांवरून संगणकाला चेंडूची नेमकी जागा कळते. टप्पा पडल्यापासून पॅडवर आदळेपर्यंतचा मार्ग त्याने पाहिलेला असतो. तिथून पुढे, पॅड मध्ये नसते तर चेंडू कुठे गेला असता, हे तो गणिताने काढतो.

मग तीन उत्तरे झळकतात. टप्पा कुठे पडला? लेग यष्टीच्या बाहेर पडला असेल तर फलंदाज पायचीत होऊच शकत नाही. पायाला कुठे लागला, यष्टींच्या सरळ रेषेत की बाहेर? आणि शेवटी, यष्टींवर गेला असता का? तिन्ही लाल आले की बाद.

'पंचांचा कौल' म्हणजे काय

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पडद्यावर चेंडू यष्टीला घासताना स्पष्ट दिसतो, तरी फलंदाज नाबाद राहतो. पुढच्याच षटकात तसाच चेंडू दिसतो आणि फलंदाज बाद! घरोघरी ओरड होते की हा कुठला न्याय?

यात अन्याय नाही, वाचकहो. पॅडपर्यंतचा मार्ग यंत्राने प्रत्यक्ष पाहिलेला आहे. त्यापुढचा मार्ग मात्र अंदाज आहे. अंदाज कितीही हुशारीचा असला तरी त्यात थोडीफार चूक राहणारच. चेंडू टप्पा पडून लगेच पायावर आदळला तर यंत्राला पाहायला फार थोडी वाट मिळते. पाय यष्टींपासून दूर असेल तर अंदाजाची वाट लांबते. म्हणून नियम असा केला की अर्ध्याहून कमी चेंडू यष्टींना लागताना दिसत असेल, तर मैदानावरच्या पंचांनी आधी जे सांगितले तेच कायम ठेवायचे. त्यांनी बाद दिले असेल तर बाद, नाबाद दिले असेल तर नाबाद. ज्या संघाने दाद मागितली त्याची मागणी मात्र वाया गेली असे धरत नाहीत.

म्हणजेच यंत्र म्हणते, "इथवर मी खात्रीने सांगितले, पुढचे मला छातीठोकपणे सांगता येत नाही, तुम्ही सांगा." आम्हांला ही या पद्धतीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. आपली मर्यादा कबूल करणारी माणसेसुद्धा थोडीच असतात.

खेळ कसा बदलला

2011 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, मोहालीला, पाकिस्तानच्या सईद अजमलच्या चेंडूवर सचिनला 23 धावांवर पायचीत दिले होते. त्याने दाद मागितली. चेंडू लेग यष्टीच्या बाहेरून जात होता असे दिसले, निर्णय फिरला आणि त्याने 85 धावा केल्या. डर्बनला यंत्राने ज्याला बाद केले, त्यालाच मोहालीत वाचवले. गंमत अशी की भारताच्या क्रिकेट मंडळाचा या पद्धतीवर अनेक वर्षे विश्वास नव्हता. मायदेशातील कसोटी मालिकेत ती 2016 च्या नोव्हेंबरमध्ये, इंग्लंडविरुद्ध, स्वीकारली गेली.

सर्वांत मोठा फायदा फिरकी गोलंदाजांना झाला. पूर्वी फलंदाज पुढचा पाय लांब टाकून पॅडने चेंडू अडवी. पाय इतका पुढे असताना चेंडू यष्टींवर गेला असता असे पंच खात्रीने म्हणू शकत नसत, म्हणून शंकेचा फायदा फलंदाजाला. यंत्राने दाखवून दिले की यांतले कितीतरी चेंडू यष्टींवर जात होते. आता पंच असे निर्णय धीटपणे देतात आणि फलंदाजांना बॅट वापरावी लागते. बिशनसिंग बेदींनी 266 कसोटी बळी घेतले, चंद्रशेखरांनी 242, प्रसन्नांनी 189. हे यंत्र तेव्हा असते तर हे आकडे कुठवर गेले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

लबाडी पकडणेही सोपे झाले. 2018 च्या मार्चमध्ये केपटाउनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा बॅन्क्रॉफ्ट चेंडू घासायचा पॉलिश कागद कपड्यांत लपवताना कॅमेऱ्यात सापडला. कर्णधार स्मिथ आणि वॉर्नर यांच्यावर एका वर्षाची, बॅन्क्रॉफ्टवर नऊ महिन्यांची बंदी आली. मद्रासला जे काम रूबेन यांच्या नजरेने केले, ते इथे कॅमेऱ्याने केले. मात्र कॅमेऱ्याने नुसते दाखवले. हे चूक आहे आणि त्याला शिक्षा व्हावी, असे माणसांनीच ठरवले.

यंत्रावर किती विसंबावे

आता दुसरी बाजू. टेनिसमध्ये चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे सांगायला कोर्टाच्या कडेला रेषा-पंच उभे असत. विम्बल्डनने 2025 साली त्यांना निरोप दिला आणि सगळे काम कॅमेऱ्यांवर सोपवले. त्याच वर्षी, 6 जुलैला, मुख्य कोर्टावर ब्रिटनची सोनाय कार्टाल आणि रशियाची पावल्युचेन्कोवा यांच्या सामन्यात एक चेंडू उघडउघड बाहेर पडला, पण यंत्र गप्प. चालवणाऱ्याच्या हातून कोर्टाच्या एका बाजूची यंत्रणा चुकून बंद राहिली होती. खुर्चीवरच्या पंचांनीही आपला कौल न देता तो गुण पुन्हा खेळवला. पुढे आयोजकांनी माफी मागितली.

यात आम्हांला यंत्राची चूक तितकी खटकत नाही. यंत्र बंद पडते, विजेचा दिवाही जातो. खटकते ते हे की, डोळ्यांनी दिसत असूनही बोलायची सवय सुटते. हिशेबाचे यंत्र आल्यावर मुलांचे पाढे कसे सुटले, हे ज्यांनी शाळेत शिकवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आपल्या मैदानांवर

हे सगळे कॅमेरे मोठ्या सामन्यांसाठी आहेत. इस्राएल 1974 साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचा सहसदस्य झाला. इथले क्रिकेट जगवण्यात भारतातून आलेल्या आपल्या लोकांचा मोठा वाटा आहे. पण आपल्या मैदानांवर ना ससाण्याचा डोळा, ना यष्टींमधला मायक्रोफोन. तिथे अजूनही एक माणूस पांढरी टोपी घालून उन्हात उभा राहतो आणि बोट वर करतो.

आता सीमारेषेपाशी प्रत्येक मुलाच्या हाती मोबाइल असतो. बाद दिले की चित्र दाखवून पंचांशी हुज्जत सुरू होते. अशा मुलांना आपण एक साधे गणित घालावे. ताशी 120 किलोमीटर वेगाने जाणारा चेंडू एका सेकंदात सुमारे 33 मीटर जातो. मोबाइल साधारणपणे सेकंदाला 30 चित्रे घेतो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत चेंडू मीटरभराहून जास्त पुढे गेलेला असतो. बॅटची कड त्या मीटरभरात लागली असेल तर ती मोबाइलला दिसलीच नाही. शिवाय मोबाइल बाजूला तिरका धरलेला. तिरक्या जागेवरून सरळ रेषा कळत नाही, हे आपण सावलीच्या घड्याळावरूनही शिकलो आहोत. त्या जागेवरून निर्णय देणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. बरोबर जागी, सरळ रेषेत, फक्त पंच उभे असतात.

हिब्रूत न्यायाधीशाला आणि खेळातल्या पंचाला एकच शब्द आहे, 'शोफेत'. मराठीत 'पंच' हा शब्द गावच्या पंचायतीतून आला, पाच जणांनी मिळून न्याय करायचा म्हणून. दोन्ही भाषांनी या कामाला खेळापेक्षा मोठे मानले आहे. मोठ्या सामन्यात आज मैदानावर दोन पंच, टीव्हीसमोर तिसरे, राखीव चौथे आणि सामनाधिकारी, असे खरोखरच पाच जण असतात. यंत्र त्यांच्या हातातले साधन आहे, सहावा पंच नव्हे.

तेव्हा पुढच्या सामन्याच्या वेळी रंगीत रेघा दिसल्या तर गोंधळून जाऊ नका. आधी पाय, मग आवाज, मग वाट, एवढे ध्यानात ठेवा. आणि शेजारी नातवंड बसले असेल तर त्याला हेही सांगा की जिथे कॅमेरे नाहीत तिथे पंचांनी बोट वर केले की बॅट काखेत धरून मुकाट्याने परत यावे. निर्णय चुकीचा वाटला तरी. पुढचा सामना खेळायला पुन्हा कुणीतरी पंच म्हणून उभे राहायला हवे ना?